डोळ्यातली नाडी

माणूस आजारी पडला की वैद्यबुवा पहिल्याप्रथम काय करतात? मनगट धरतात. पुरुष असेल तर उजवे, बाई असेल तर डावे, अशी आपल्याकडची जुनी चाल. तीन बोटे मनगटावर टेकली की घरातली माणसे श्वास रोखून उभी राहतात. ही नाडीपरीक्षा फार प्राचीन असे आपण धरून चालतो. पण मौज अशी की चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत ती आढळत नाही. ती येते शार्ङ्गधराच्या संहितेत, म्हणजे तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास. ते असो. सांगायचे ते हे की नाडी बोटांना लागते, ती डोळ्यांना दिसत नाही. हातावरच्या निळ्या शिरा दिसतात, पण कातडीच्या पडद्याआडून. मग शरीराच्या आतली रक्तवाहिनी, चाकू न लावता, जिवंत माणसात उघडी पाहता येईल अशी जागा आहे का?

आहे. एकच आहे. डोळ्याच्या बाहुलीतून आत डोकावले तर मागच्या भिंतीवर एक पातळ पडदा असतो. त्याला दृष्टिपटल म्हणतात. त्या पडद्यावर, झाडाच्या फांद्या पसराव्यात तशा रक्तवाहिन्या पसरलेल्या असतात. शुद्ध रक्त आणणाऱ्या त्या रोहिण्या, अशुद्ध रक्त नेणाऱ्या त्या नीला. सगळ्या एका फिकट गोल ठिपक्यातून निघतात. डोळ्याची मुख्य नस जिथून मेंदूकडे जाते ती ती जागा. सुश्रुताने उत्तरतंत्रात डोळ्याचे शहात्तर रोग मोजले, मोतीबिंदू बाजूला सारण्याची क्रिया लिहून ठेवली. पण हे झाड त्यालाही पाहता आले नाही. ग्रीकांना नाही, अरबांना नाही. जिवंत डोळ्यातले हे झाड माणसाला नीट दिसले ते १८५० साली.

मी इतिहासाचा प्राध्यापक. औषध सांगणे माझे काम नव्हे, आणि ते मी सांगणारही नाही. पण हे झाड पाहायला माणूस कसा शिकला, आणि त्याच्या फांद्यांवरून आपल्याकडच्या तरुण बायकांना गाठणारा एक रोग कसा ओळखू आला, हा इतिहास माझ्या मते राजेरजवाड्यांच्या इतिहासाइतकाच शाळेत सांगण्याजोगा आहे.

रात्री बैलगाडीने जाताना कंदिलाच्या उजेडात मांजराचे डोळे चमकताना आपण पाहिले असतील. पूर्वी लोक समजत, मांजराच्या डोळ्यात स्वतःचाच उजेड असतो. तसे नाही. बाहेरचा उजेड आत जातो आणि आरशावरून परतावा तसा परत येतो. मग माणसाच्या डोळ्यातूनही थोडा उजेड परत यायला हवा. येतोच. पण तो ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने बाहेर पडतो. आता आपण विहिरीत डोकावतो तेव्हा काय होते? आपलेच डोके उजेडाच्या आड येते आणि तळ काळा दिसतो. बाहुलीचेही तसेच. पाहणाऱ्याचा डोळा आणि दिवा एकाच रेषेत असतील तरच आत दिसणार. आणि दोन वस्तू एका जागी ठेवायच्या कशा? म्हणून हजारो वर्षे बाहुली काळीच राहिली. (मोबाइलने रात्री फोटो काढला की कधी कधी माणसांचे डोळे लाल येतात, ते हेच. दिवा आणि भिंग अगदी जवळजवळ असल्यामुळे आतल्या रक्ताने रंगलेला उजेड थेट फोटोत येतो.)

कोनिग्सबर्ग नावाचे गाव तेव्हा प्रशियात होते. आज ते रशियात कालिनिनग्राड नावाने आहे. तिथे हेर्मान हेल्महोल्ट्झ नावाचा एकोणतीस वर्षांचा प्राध्यापक विद्यार्थ्यांना शरीरशास्त्र शिकवी. डोळ्यातून उजेड परत कसा येतो हे वर्गात समजावून द्यायचे होते. शिकवण्याची तयारी करता करता त्याच्या मनात प्रश्न आला, की परत येणाऱ्या या किरणांचे चित्र कसे पडत असेल? त्याने पुठ्ठा, चष्म्याची भिंगे आणि सूक्ष्मदर्शकाला लावतात त्या काचेच्या पातळ चकत्या घेतल्या, डिंकाने जोडल्या. काच तिरकी धरली. बाजूला ठेवलेल्या दिव्याचा उजेड काचेवरून परतून रोग्याच्या डोळ्यात जाई, आणि त्याच काचेतून आरपार हेल्महोल्ट्झ पाही. दिवा आणि डोळा एका रेषेत आले. १८५० च्या डिसेंबरात त्याने वडिलांना पत्र लिहून हे कळवले आणि १८५१ साली पुस्तिका छापली. यंत्राला त्याने जर्मन भाषेत साधे नाव दिले, डोळ्याचा आरसा. आपले डॉक्टर त्याला ऑप्थॅल्मोस्कोप म्हणतात.

शिक्षक मंडळींनी एवढे ध्यानात घ्यावे, की हा शोध उद्याच्या पाठाची तयारी करताना लागला. त्याआधी १८४७ साली लंडनला चार्ल्स बॅबेज याने, म्हणजे गणकयंत्राच्या त्याच बॅबेजने, असेच एक साधन करून एका नेत्रतज्ज्ञाला दाखवले होते. त्या गृहस्थाला त्यातून काही नीट दिसले नाही, आणि साधन बाजूला पडले.

पुढे बर्लिनच्या फोन ग्रेफे याने या आरशाने डोळ्यांच्या रोगांचे शास्त्रच बदलून टाकले. पण दिसले ते ठेवायचे कसे? डॉक्टर पाहतो, रोगी घरी जातो, आणि डॉक्टरच्या आठवणीत राहते तेवढेच खरे. म्हणून चित्रे काढू लागले. व्हिएन्नाचा येगर हा डॉक्टर एकेका डोळ्याच्या चित्रासाठी रोग्याला पुन्हा पुन्हा समोर बसवी. एका डोळ्याला आरसा, एका हातात कुंचला. १८६९ साली त्याचा चित्रसंग्रह छापून निघाला, आणि ती चित्रे आजही पाहावी अशी आहेत. रोग्यांच्या चिकाटीचे मात्र कुणी चित्र काढले नाही.

फोटोचे साल १८८६. इंग्लंडात ब्रिस्टल येथे जॅकमन आणि वेबस्टर या दोघांनी जिवंत माणसाच्या दृष्टिपटलाचा फोटो छापून प्रसिद्ध केला. कॅमेरा रोग्याच्या डोक्याला बांधला, गॅसचा दिवा लावला, आणि अडीच मिनिटे काच उघडी ठेवली. अडीच मिनिटे डोळा हलवायचा नाही! आपण करून पाहावे म्हणजे कळेल. फोटो पुसटच आला. पण रक्तवाहिन्यांच्या रेषा कागदावर उमटल्या.

हे १८८६ साल आपण कोल्हापूरकरांनी आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये डॉ. आनंदीबाई जोशी अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडल्या, आणि त्याच वर्षी कोल्हापूर संस्थानाने त्यांना आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागावर नेमले. मेजर मँट यांनी आराखडा केलेली ती दगडी इमारत म्हणजेच आजचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, आपल्या तोंडचा 'थोरला दवाखाना'. आनंदीबाई परत आल्या त्या क्षयाने पोखरलेल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्या वारल्या. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. थोरल्या दवाखान्याच्या पायऱ्या चढून कामावर रुजू होणे त्यांच्या नशिबी नव्हते.

ही नेमणूक कशासाठी होती? आपल्या बायका पुरुष डॉक्टरपुढे बसत नसत. बसल्याच तर पदराआडून हात पुढे येई, तोही एकच. तोंड वर करून डोळा दाखवणे दूर. तरुण सून दिवसेंदिवस वाळत चालली, चक्कर येऊन पडू लागली, की तिला 'अशक्तपणा' म्हणायचे, नाही तर 'बाहेरचे' काही म्हणायचे. आता जो रोग मी सांगणार आहे तो नेमका अशाच वयाच्या बायकांना गाठतो. म्हणून डॉक्टरीण नसणे आणि रोग न सापडणे या दोन गोष्टी मला एकमेकींपासून सुट्या करता येत नाहीत.

आता चला जपानला. कानाझावा या गावी मिकितो ताकायासू नावाचे नेत्रवैद्य प्राध्यापक होते. त्यांच्याकडे एक एकवीस वर्षांची स्त्री डोळ्यांची तक्रार घेऊन आली. ताकायासूंनी आरशाने आत पाहिले. रोजचे झाड तिथे नव्हते. मधल्या फिकट ठिपक्याभोवती रक्तवाहिन्यांनी एकमेकींचे हात धरून फेर धरला होता. वेणीवर फुलांचा गजरा माळावा तसे वर्तुळ, आणि वाहिन्यांवर जागोजाग बारीक गाठीसारखे फुगवटे. रोहिणी आणि नीला यांची भेट एरवी केसाहून बारीक वाहिन्यांतून व्हायची. इथे त्या थेट एकमेकींना जुळल्या होत्या. ताकायासूंनी जे दिसले ते टिपून ठेवले आणि १९०८ साली जपानच्या नेत्रवैद्यांच्या वार्षिक सभेत मांडले. रोगाचे नाव त्यांनी सांगितले नाही, कारण हा कसला रोग हे त्यांना ठाऊक नव्हते. दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्यांत विलक्षण बदल झालेली एक रुग्ण, एवढेच.

खरी गोष्ट पुढे घडली. सभेत ओनिशी आणि कागोशिमा असे दोन डॉक्टर चर्चेला उठले. दोघांनीही सांगितले, असे डोळे आम्हीही पाहिले आहेत. आणि आमच्या रोग्यांच्या मनगटाला नाडी लागत नव्हती.

विचार करा. जिवंत, चालती-बोलती बाई, आणि मनगटाला नाडी नाही. ताकायासूंनी डोळा पाहिला, मनगट पाहिले नाही; ते नेत्रवैद्य होते. एकाने डोळा सांगितला, दोघांनी हात सांगितला, तेव्हा रोगाची दोन टोके जुळली. पुढे शिमिझू आणि सानो या जपानी डॉक्टरांनी १९५१ साली इंग्रजीत लेख लिहून त्याला 'नाडी नसलेला रोग' असे नाव दिले. जगात आज तो ताकायासूंच्या नावाने ओळखला जातो. सभेत उठून बोलणाऱ्या दोघांची नावे पाठ्यपुस्तकांच्या तळटिपांत राहिली. इतिहासात हे असे होते.

हा रोग म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. हृदयातून जी सर्वांत मोठी रोहिणी निघते ती महारोहिणी. पाटाचा मुख्य कालवाच म्हणा. तिच्यातून दोन्ही हातांना, मानेतून डोक्याला, खाली मूत्रपिंडांना आणि पायांना फाटे जातात. या रोगात शरीराची स्वसंरक्षणाची यंत्रणा बिघडते आणि आपल्याच मोठ्या रोहिण्यांच्या भिंतींवर उलटते. भिंतीला दाह होतो, ती सुजते, जाड होते, आणि आतली वाट अरुंद होत जाते. जंतूमुळे गळू होते तसा हा दाह नव्हे. तो महिनेच्या महिने, वर्षानुवर्षे मुकाट्याने चालतो. सुरुवातीला बारीक ताप, अंगदुखी, वजन उतरणे. कुणाला शंकाही येत नाही. मग फाटे तुंबू लागतात. हाताचा फाटा तुंबला की हात लवकर भरून येतो. दळण-कांडणात, धुणे पिळताना, उंच फळीवरचा डबा काढताना हात गळून जातो, टेकला की बरा होतो. मानेतला फाटा तुंबला की उभे राहताना, वर पाहताना डोळ्यांपुढे अंधारी येते आणि क्षणात जाते. डोळ्याच्या पडद्याला रक्त कमी पडू लागले, की पडदा आपल्यापरीने मार्ग काढू पाहतो. नीला फुगतात, फुगवटे येतात, नव्या जोडण्या होतात, आणि सरतेशेवटी तो गजरा दिसतो. गजरा म्हणजे शोभा नव्हे. तहानलेल्या शेतात दिसेल तिथून पाणी ओढून घेण्याची ती धडपड आहे. १९७६ साली उयामा आणि आसायामा यांनी या बदलांच्या चार पायऱ्या लावून दिल्या. पहिल्या पायरीत वाहिन्या फुगतात, दुसरीत गाठी येतात, तिसरीत रोहिणी-नीला जुळतात, चौथीत दृष्टी धोक्यात येते.

यात डाव्या हाताचा फाटा पुष्कळदा आधी तुंबतो. म्हणजे बाईचे डावे मनगट धरणाऱ्या आमच्या जुन्या वैद्याला ती हरवलेली नाडी उजव्या हाताआधी कळली असणार. त्याने काय अर्थ लावला असेल, कोण जाणे.

इथवर वाचून आपल्याला वाटेल, जपानचा रोग, आपल्याला काय त्याचे? इथेच मुंबईच्या के. ई. एम्. रुग्णालयाचा भाग येतो. ते रुग्णालय आणि त्याला जोडलेले शेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ साली सुरू झाले, ते देणगीदारांच्या अटीप्रमाणे केवळ हिंदी डॉक्टरांच्या हाती. तिथे प्रफुल्लकुमार सेन हे शल्यविशारद होते. १९६८ च्या फेब्रुवारीत भारतातले पहिले हृदयारोपण त्यांनीच केले, त्यामुळे त्यांचे नाव पुष्कळांना ठाऊक असते. पण त्यांचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे दुसरे एक काम मला जास्त मोलाचे वाटते. वॉर्डात येणाऱ्या तरुण रोग्यांत कमी वयात रक्तदाब भलताच चढलेली मुले-मुली त्यांना दिसत. तपास केला तर महारोहिणीचा छाती-पोटातला मधला भाग अरुंद झालेला. १९६३ साली त्यांनी यावर ब्रिटनच्या हृदयरोगविषयक मासिकात लेख लिहिला. आणि १९७३ साली सेन, किनरे, केळकर आणि परुळकर या चौघांच्या नावाने एक ग्रंथ निघाला, एकशे एक रोग्यांच्या अभ्यासावर. सेन वगळता तिघांची आडनावे आपल्या ओळखीची आहेत. डॉ. किनरे विकृतिशास्त्रातले, म्हणजे रोगाने शरीराच्या आत काय करून ठेवले ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचे काम त्यांचे. एकशे एक हा आकडा छोटा वाटेल. पण एकेका रोग्यामागे पत्ता, वय, दोन्ही हातांचे दाब, पायांचे दाब, क्ष-किरणांची चित्रे, काहींच्या बाबतीत शवविच्छेदन, एवढे सगळे टिपून ठेवायचे, तेही संगणक नसताना. येगरच्या चित्रांइतकीच ही चिकाटी आहे.

या आणि पुढच्या अभ्यासांतून एक विलक्षण भेद लक्षात आला. जपानात हा रोग मुख्यतः वरचे फाटे धरतो, हात आणि मान. आपल्याकडे पोटातली महारोहिणी आणि मूत्रपिंडांचे फाटे यांना तो जास्त गाठतो. रोगही जपानात बहुतेक बायकांचाच. आपल्याकडे बायका अधिक, पण पुरुषांचे प्रमाण जपानपेक्षा मोठे. आता मूत्रपिंडाला रक्त कमी पडले की ते समजते, शरीरात दाब कमी झाला आहे. आणि दाब वाढवणारा रस रक्तात सोडते. परिणामी सोळा-अठरा वर्षांच्या मुलीचा रक्तदाब साठ वर्षांच्या म्हाताऱ्यासारखा चढतो. म्हणून आपल्याकडच्या रोग्याच्या डोळ्यात ताकायासूंचा गजरा क्वचित दिसतो. दिसतात ते चढलेल्या दाबाचे ओरखडे. रोहिण्या बारीक तारेसारख्या झालेल्या, ठिकठिकाणी रक्ताचे डाग, कापसाच्या बोंडासारखे पांढरे ठिपके, आणि प्रकरण हाताबाहेर गेले असेल तर मधला फिकट ठिपका सुजलेला. रोग एकच, पण कानाझावाचा डोळा आणि केईएमचा डोळा वेगळे. पाठ्यपुस्तकातला गजरा शोधत बसणारा डॉक्टर आपल्याकडच्या मुलीचा रोग चुकवील. परक्या देशात लिहिलेले ज्ञान इथल्या माणसांवर पुन्हा तपासून घ्यावे लागते, याचे याहून चांगले उदाहरण मला तरी सापडलेले नाही.

आणखी एक गंमत, खरे तर गंमत नव्हे, धोका. दोन्ही हातांचे फाटे तुंबलेले असतील तर दंडाला पट्टा बांधून घेतलेला दाब कमीच येतो. यंत्र सांगते, ठीक आहे. आत मात्र महारोहिणीत दाब भयंकर असतो. अशा वेळी पायाचा दाब घेतला तर खरा आकडा कळतो; आणि मानेचे फाटे मोकळे असतील तर डोळ्याच्या पडद्यावरच्या वाहिन्याही साक्ष देतात. हाताने लपवलेले डोळा बोलून दाखवतो.

कारण काय या रोगाचे? सेन-किनरे मंडळींना आणि इतरांनाही क्षयाचा संशय आला. १९७० साली डॉ. किनरे यांनी लहान वयातल्या महारोहिणीच्या दाहाचा आणि क्षयाचा संबंध तपासणारा लेख लिहिला. पुष्कळ रोग्यांत क्षयाच्या खुणा सापडत होत्या. पण ज्या देशात क्षय घरोघरी, तिथे कुठल्याही रोग्यात त्याच्या खुणा सापडायच्याच. तेव्हा एवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही. वाद अजून मिटलेला नाही. मिरजेजवळच्या वानलेसवाडीच्या क्षय आरोग्यधामाची आठवण ज्या घरांत आहे त्यांना क्षयाने या भागातल्या किती तरुण पिढ्या पोखरल्या ते वेगळे सांगायला नको.

क्षयाशीच नाव जोडलेला दुसराही एक विकार आहे, आणि तो मुख्यतः तरुण मुलांचा. १८८० साली बर्मिंगहॅमच्या हेन्री ईल्स याने तो वर्णिला. यात मोठी रोहिणी नव्हे, तर दृष्टिपटलावरच्याच नीला दाहाने सुजतात, नव्या कच्च्या वाहिन्या फुटतात आणि डोळ्यात रक्तस्राव होतो. चांगला धडधाकट पोरगा एके दिवशी सांगतो, डोळ्यापुढे काळे धागे तरंगताहेत, जाळे आल्यासारखे वाटते. पश्चिमेकडे हा विकार आज फारसा दिसत नाही. आपल्या देशात दिसतो. वर्गात असे सांगणारा मुलगा असला तर 'अभ्यास टाळतोस' म्हणून त्याला दटावू नये, एवढेच गुरुजींना सांगणे.

आता पुन्हा चित्रांकडे वळू. १९२६ च्या सुमारास झाइस कंपनीचा दृष्टिपटलाचा चांगला कॅमेरा निघाला आणि फोटो साधारण सोपे झाले. पण फोटोत वाहिनी दिसते, वाहणे दिसत नाही. कालव्याचा फोटो पाहून पाणी किती वेगाने येते ते कसे सांगणार? ती अडचण सोडवली अमेरिकेत इंडियानाच्या दोन पोरसवदा माणसांनी, नोव्होटनी आणि ॲल्व्हिस. एक वैद्यकीय विद्यार्थी, दुसरा नुकताच डॉक्टर झालेला. फ्लुओरेसीन नावाचा पिवळसर रंग १८७१ पासून रसायनशास्त्रज्ञांना ठाऊक होता. त्यावर निळा उजेड टाकला की तो हिरवा झळाळतो. तो हाताच्या शिरेत टोचायचा आणि डोळ्यात येताच भराभर फोटो घ्यायचे, अशी युक्ती. आधी कुणाला टोचायचा? नाणे उडवले, ॲल्व्हिस हरला, आणि त्याचा डोळा पहिला. नेत्रवैद्यांच्या मासिकाने त्यांचा लेख परत पाठवला. मग रक्ताभिसरणाच्या मासिकाने तो १९६१ साली छापला. जगभरच्या नेत्ररुग्णालयांत पुढे हीच तपासणी रूढ झाली.

निरोगी माणसात दंडात टोचलेला रंग सुमारे दहा ते पंधरा सेकंदांत डोळ्यात उगवतो. ताकायासू रोगात मानेचा फाटा तुंबला असेल तर डॉक्टर घड्याळ पाहत राहतात. पंधरा जातात, वीस जातात, आणि मग कुठे एखादी वाहिनी हिरवी होते. गाठी दिव्यांच्या माळेसारख्या उजळतात. भिंत दाहाने कच्ची झाली असेल तर तिथून रंग पाझरतो आणि फोटोत धुके पसरते. ताकायासूंनी जे टिपून ठेवले त्यात आता वेळ मोजता येऊ लागली.

१९९१ साली अमेरिकेत आणखी एक यंत्र निघाले. ते उजेडाच्या परावर्तनावरून दृष्टिपटलाचे, पोळीचे पापुद्रे मोजावेत तसे थर मोजते. त्याच युक्तीने गेल्या दहा-पंधरा वर्षांत सुईशिवायच रक्तवाहिन्यांचे जाळे दाखवता येऊ लागले आहे. यंत्र एकाच जागेची पुन्हा पुन्हा चित्रे घेते. जे स्थिर आहे ते सोडून देते आणि जे हलले, म्हणजे वाहते रक्त, तेवढे रेखाटते. काही सेकंदांचे काम. पण या यंत्राला पाझर दिसत नाही, आणि पडद्याचा मधला तुकडाच मुख्यतः दिसतो. म्हणून दाहाचा संशय असला की रंगाचे इंजेक्शन अजून द्यावे लागते. महारोहिणीचा स्वतःचा तपास करायला सी. टी., एम्. आर. आय. अशी यंत्रे आहेतच. डोळा त्यांची जागा घेत नाही, तो वाट दाखवतो.

रोगाला आज उपाय आहेत. दाह शमवणारी स्टिरॉइड औषधे आहेत, त्यांच्या जोडीला प्रतिकारयंत्रणा आवरणारी दुसरी औषधे आहेत, दाबाच्या गोळ्या आहेत. अरुंद जागा फुग्याने रुंद करता येते, नाही तर शस्त्रक्रियेने बाजूने नवी वाट काढता येते. पण भिंत एकदा जाड होऊन वाट बुजली की औषधाने ती उघडत नाही. लवकर सापडण्याला म्हणून फार किंमत आहे.

तेव्हा घरात किंवा शाळेत अशी मुलगी असेल, की जिचा हात कामात लवकर गळतो, जिला उभे राहताना अंधारी येते, जिला महिनोन्‌महिने बारीक ताप आहे, किंवा जिचा दाब या वयात चढलेला आहे, तर डॉक्टरांना दोन्ही हातांचा आणि पायाचाही दाब पाहायला सांगावे. दोन हातांत मोठा फरक आला तर तो कागदावर लिहून घ्यावा. आणि डोळ्याच्या पडद्याची तपासणी करवून घ्यावी, चष्म्याचा नंबर काढण्याची नव्हे. थोरला दवाखाना आता राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेला आहे, तिथे विचारता येईल. तपासणीला डोळ्यात थेंब घालून बाहुली मोठी करतात. थेंबांनंतर काही तास जवळचे अंधुक दिसते, ऊन सोसवत नाही. म्हणून जाताना कुणीतरी सोबत न्यावे, आणि परतताना गाडी त्याने चालवावी.